भुतांचा दावा आणि खेळसंचालकाची तटस्थता

१

साहित्यसिद्धांताच्या क्षेत्रात काही विधाने अशी असतात, की ती एकदा प्रतिष्ठित झाली म्हणजे त्यांची तपासणी करण्याची गरज कुणाला वाटेनाशी होते. 'टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळात लेखक नावाची सत्ता शिल्लकच राहत नाही' हे अशांपैकी एक. रोलाँ बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध १९६७ सालचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा भूमिकाखेळ १९७४ सालचा. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु सिद्धांताच्या उत्साही पुरस्कर्त्यांना दुसरी घटना ही पहिलीची जणू प्रात्यक्षिक सिद्धताच वाटते.

त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. या खेळाला पूर्वलिखित संहिता नसते. चार-पाच खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात आणि त्या पात्राने काय करावे, काय बोलावे हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. प्रयत्न सफळ झाला की फसला, हे फासे ठरवतात. आणखी एक जण खेळसंचालकाचे काम करतो. तो स्थळाचे वर्णन करतो, उरलेल्या सर्व पात्रांच्या तोंडून बोलतो आणि नियमांचा अर्थ लावतो. खेळाडू त्याला इंग्रजी नावाने 'गेममास्टर' म्हणतात. एकच पात्रसमूह घेऊन महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे अशा बैठकी चालत राहिल्या म्हणजे त्या सलग मालिकेला 'कॅम्पेन' ही संज्ञा आहे. अशा मालिकेतून जे आख्यान घडते ते कोणा एकाचे नसते. ते बाख्तीनच्या अर्थाने बहुस्वरीय असते. सबब त्याला लेखक नाही. आणि लेखक नाही म्हणून त्याच्या आशयाचे उत्तरदायित्वही कोणाकडे नाही.

प्रस्तुत लेखाचा आक्षेप या शेवटच्या पायरीला आहे. तळकोकणातील आणि गोव्यातील दशावतारी नटाला संवाद लिहून दिलेले नसतात. रंगभूमीवर उभा राहून तो ते उत्स्फूर्तपणे रचतो. पण म्हणून त्या रात्रीचे आख्यान कोणी निवडलेलेच नसते, राक्षस कोण आणि देव कोण हे आधी ठरलेलेच नसते, असे म्हणण्याचे धाडस कोणताही जाणकार करणार नाही. संवादाचे स्वातंत्र्य ही एक गोष्ट. आख्यानातील दोषारोपाची व्यवस्था ही दुसरी. भूमिकाखेळाच्या समीक्षेने पहिलीकडे बोट दाखवून दुसरी झाकून ठेवली आहे. ही झाकापाक सर्वांत अधिक नुकसान करते ती गॉथिक आणि वेस्टर्न या दोन प्रकारांच्या संकरातून जन्मलेल्या खेळांत. कारण तेथे भूत कोणाचे आणि ते कोणाला का धरते, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पहिली बैठकसुद्धा होऊ शकत नाही.

२

या संकराचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे 'डेडलँड्स'. शेन लेसी हेन्स्ली यांनी रचलेला हा खेळ १९९६ साली पिनॅकल एंटरटेनमेंट ग्रुप या अमेरिकी संस्थेने प्रसिद्ध केला. त्याचे कथाविश्व १८७६ सालच्या अमेरिकेच्या पश्चिम भागाचे आहे, मात्र इतिहासाने तेथे वेगळे वळण घेतलेले आहे. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर मेलेले सैनिक उठून चालू लागले. यादवी युद्ध निर्णायक अंताला पोहोचले नाही आणि दक्षिणेचे फुटीर राज्य टिकून राहिले. १८६८ च्या महाभूकंपाने कॅलिफोर्नियाचा किनारा मोडून त्याचा खाड्या-सुळक्यांचा चक्रव्यूह झाला. तेथे जळताना किंकाळ्या फोडणारा एक खनिज पदार्थ सापडला आणि त्याच्या लोभाने पश्चिमेकडे नवी झुंबड उडाली. या सगळ्यामागे काही अदृश्य शक्ती आहेत. माणसांची भीती हे त्यांचे खाद्य, आणि पृथ्वीवर पुरेसे भय पसरले की त्या येथे अवतरणार.

एवढ्यावरून हा निव्वळ चटकदार भयकथांचा मालमसाला आहे असा समज होईल, तर तो बरोबर नाही. या खेळाची नियमरचना आशयाशी विलक्षण इमानी आहे. चकमकीत आधी कोणी हालचाल करायची हे पत्त्यांच्या जोडातून ठरते. 'हकस्टर' नावाचे जादूगार मंत्रसिद्धीसाठी प्रत्यक्ष पोकरचा हात जुळवतात, कारण कथेत ते एका दुष्ट आत्म्याशी जुगार खेळत असतात. दैवाची साथ रंगीत चकत्यांच्या रूपाने खेळाडूंच्या हातात दिली जाते. एखादे पात्र मेले तर ते कबरीतून परत येऊ शकते. पण मग त्याच्या देहात दुसरा एक रहिवासी असतो, आणि त्या दोघांतील ताब्याच्या झगड्यात पात्राचा पराभव झाला की तेवढ्यापुरते ते पात्र खेळाडूच्या हातातून संचालकाकडे जाते. स्वत्वावरचा ताबा सुटण्याचे भय इतक्या थेटपणे वाचकाच्या वाट्याला आणून देणे कादंबरीला साधलेले नाही.

या नियमांपैकी एक तर साहित्याच्या अभ्यासकाने थबकून पाहावा असा आहे. प्रत्येक गावाला, प्रत्येक प्रदेशाला भयाची एक पातळी असते. तेथील संकटाचे निवारण करणे एवढ्याने ती उतरत नाही. पात्रांनी गावकऱ्यांसमोर उभे राहून घडलेली हकिकत सांगावी लागते. कथन सफळ झाले तरच भय एका पायरीने कमी होते. बंदुकीने राक्षस मरतो, पण भूमी मोकळी होते ती कथेने. कथनाच्या सामाजिक कार्याविषयी आपण जे ग्रंथ लिहितो त्यांचे सार एका नियमात आणणाऱ्या या रचनेला दाद दिलीच पाहिजे.

आता दुसरी बाजू. या खेळात संचालकाला 'मार्शल' म्हणतात, आणि मूळ नियमग्रंथाचे खेळाडूंनी वाचण्याचे व केवळ मार्शलने वाचण्याचे असे भाग पाडलेले आहेत. मेलेले का उठले याचे खरे कारण मार्शलसाठी राखीव आहे. ते कारण असे: ज्याच्या लोकांची गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तल केली अशा सस्क्वेहाना जमातीच्या एका मांत्रिकाने सूडबुद्धीने परलोकाची दारे उघडली. पूर्वी मूलनिवासींच्या ज्ञानी पुरुषांनी बंद करून ठेवलेले अरिष्ट त्याने जगावर सोडले.

सस्क्वेहाना लोकांची कत्तल ही कल्पित गोष्ट नाही. त्या समाजाचे पेनसिल्व्हेनियातील कॉनेस्टोगा येथे उरलेले वीस जण डिसेंबर १७६३ मध्ये 'पॅक्स्टन बॉइज' म्हणवणाऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने दोन हल्ल्यांत मारले. त्यांतील चौदा जण लँकेस्टरच्या श्रमगृहात सरकारी संरक्षणाखाली होते. मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही. ज्या समाजाला इतिहासाने असे संपवले, त्याच समाजाच्या कल्पित वारसाच्या माथी खेळाने साऱ्या जगाच्या नाशाचे पाप मारले आहे. बळी आणि गुन्हेगार यांची अदलाबदल झाली आहे, आणि ही अदलाबदल ग्रंथाच्या अशा भागात आहे, की तिच्याविषयी खेळाडूंना प्रश्नच विचारता येत नाही. बहुस्वरीयतेच्या भाष्यकारांनी या कुलूपबंद पानांचे काय करायचे ते सांगावे.

३

ही काही एका खेळरचनाकाराची चूक नाही. ती एका दीर्घ परंपरेची सवय आहे. म्हणून गॉथिक प्रकाराच्या मुळाशी जाणे आवश्यक ठरते.

होरेस वॉलपोल यांची 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो' ही कादंबरी १७६४ साली आली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिने स्वतःला गॉथिक म्हणवून घेतले. तीत अघटित घटना घडतात त्या कशासाठी? ऑट्रँटोची सत्ता बळकावलेल्या घराण्याकडून ती काढून मूळ हक्कदाराच्या वंशजाकडे जावी यासाठी. म्हणजे गॉथिक साहित्यातील पहिले भूत मालमत्तेचा दावा घेऊन आलेले आहे. भय हे तेथे थकलेल्या देण्याच्या तगाद्याचे रूप आहे. भुताची भीती वाटते कारण त्याचे म्हणणे खरे असते.

हा प्रकार समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला तेव्हा त्याच्यापुढे मोठीच अडचण उभी राहिली. तेथे ना जुने किल्ले, ना पडके मठ. चार्ल्स ब्रॉकडेन ब्राउन यांनी 'एडगर हंटली' या १७९९ सालच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत यावर तोडगा सुचवला: युरोपीय किल्ल्यांच्या जागी रानावनातील धोके आणि मूलनिवासींचे हल्ले आणावेत, तेच अमेरिकी लेखकाचे योग्य साहित्य होय. या एका फेरफाराने गॉथिकचा कणाच उलटा फिरला. वॉलपोलकडे भूत हक्कदाराच्या बाजूचे होते. ब्राउनकडे हक्कदार स्वतःच भयाची वस्तू झाला, आणि जमीन बळकावणाऱ्याचा वारस भयग्रस्त निरागस नायक झाला. रने बर्गलंड यांनी २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'द नॅशनल अनकॅनी' या ग्रंथात अमेरिकी साहित्याने मूलनिवासींना वारंवार भूतरूपात कसे रंगवले याची चिकित्सा केली आहे. ज्याला भूत म्हटले तो मेलेलाच असणार. आणि मेलेल्याशी करार पाळावा लागत नाही.

मात्र वस्तुस्थिती अशी, की ही माणसे मेलेली नाहीत आणि त्यांचा दावा न्यायालयातही गेलेला आहे. १८६८ च्या फोर्ट लॅरामी करारान्वये ब्लॅक हिल्सचा प्रदेश लाकोटा लोकांचा होता. १८७४ साली कस्टरच्या मोहिमेने तेथे सोने असल्याची वार्ता आणली, १८७६ साली लिटल बिगहॉर्नची लढाई झाली आणि १८७७ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ते डोंगर घेतले. १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे भूमिहरण भरपाईस पात्र असल्याचा निर्णय दिला. व्याजासह ती रक्कम दहा कोटी डॉलरांहून अधिक होती. लाकोटांनी ती स्वीकारली नाही. त्यांना पैसा नको होता, डोंगर हवे होते. ऑट्रँटोच्या भुताचीही मागणी याहून वेगळी नव्हती.

'डेडलँड्स'चे १८७६ साल म्हणजे नेमके हेच साल आहे. त्या कथाविश्वात सू लोकांचे राष्ट्र स्वतंत्र दाखवलेले आहे, ही गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. परंतु एका हाताने भूमी द्यायची आणि दुसऱ्या हाताने जगबुडीचा दोष द्यायचा, याला न्याय म्हणत नाहीत.

४

दक्षिणेच्या राज्याचे प्रकरण याहूनही बोलके आहे. खेळाच्या मूळ आवृत्तीत दक्षिणेचे राज्य टिकते आणि ते आपण होऊन गुलामगिरी रद्द करते. वंशभेदाची धारही पुष्कळ बोथट झाल्याचे गृहीत धरलेले आहे. हेतू उघड आहे. एका खेळाडूला दक्षिणेच्या करड्या गणवेशातील शूर शिपाई व्हावेसे वाटले, तर त्याच्या मौजेत गुलामांच्या किंकाळ्यांचा व्यत्यय नको. पण इतिहासात या गृहीताला आधार नाही. १८६१ च्या दक्षिणेच्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकीहक्काला स्पष्ट शब्दांत संरक्षण दिले होते. युद्ध हरत आल्यावर, मार्च १८६५ मध्ये, काळ्यांना सैन्यात घेण्याचा कायदा तेथे झाला. त्यातसुद्धा मुक्तीचे वचन नव्हते. दक्षिणेचा लढा मुळी गुलामगिरीसाठी नव्हताच, ही पुराणकथा पराभवानंतर रचली गेली. एडवर्ड पोलार्ड यांच्या १८६६ सालच्या ग्रंथाने तिला 'लॉस्ट कॉज' हे नाव दिले. खेळाचे कथाविश्व हे त्या पुराणकथेचे नकळत झालेले पुनर्मुद्रण होते.

मराठी वाचकाने या दूरच्या वादात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे. जोतीराव फुले यांचा 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ सालचा. तो त्यांनी अर्पण केला आहे अमेरिकेतील सज्जनांना, त्यांनी निग्रोंना दास्यमुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल व स्वार्थत्यागाबद्दल. पुण्यात बसलेल्या या लेखकाने ते युद्ध कशासाठी झाले आणि त्यात कोणाचा विजय व्हावा लागला, हे नीट ओळखले होते. आता 'डेडलँड्स'च्या मूळ कथाविश्वात ही अर्पणपत्रिका ठेवून पाहावी. तेथे १८७३ साली युद्धाचा निर्णय लागलेला नाही, आणि मुक्ती ही मालकांनी दयाबुद्धीने केलेली भेट आहे. त्या विश्वात जोतीरावांची अर्पणपत्रिका लिहिली जाऊच शकत नाही. आणि मालकांच्या दयेने मिळालेल्या मुक्तीवर 'गुलामगिरी'च्या कर्त्याने काय भाष्य केले असते, ते त्या ग्रंथाच्या वाचकाला सांगायला नको. एका काल्पनिक इतिहासाने एक खराखुरा ग्रंथ अशक्य होत असेल, तर त्या कल्पनेची तपासणी करण्याचा अधिकार त्या ग्रंथाच्या भाषेतील समीक्षकाला निश्चितच पोहोचतो.

५

या भूमिकेवर दोन आक्षेप येतात, आणि ते परस्परविरुद्ध दिशांनी येतात.

पहिला आक्षेप जुन्या ओळखीचा आहे. 'हा खेळ आहे. लोक चार घटका रमायला येतात. त्यांना इतिहासाचा तास कशाला?' फडके-खांडेकर वादापासून आपण जो कलेच्या स्वायत्ततेचा पक्ष ऐकत आलो, तोच हा पक्ष. केवळ कलेच्या जागी खेळ आला आहे. योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली खेळाला नित्यव्यवहारापासून वेगळे काढणाऱ्या वर्तुळाची कल्पना मांडली, तिचा आधारही येथे घेतला जातो. पण खेळाचे वर्तुळ नित्यव्यवहारापासून वेगळे असले तरी अर्थापासून वेगळे नसते. ते तसे असते तर 'डेडलँड्स'चे कथाविश्व घडवायला खऱ्या गेटिसबर्गची आणि खऱ्या सू लोकांची गरजच पडली नसती. खऱ्या रक्ताचा रंग वापरायचा आणि रंगाची किंमत विचारली की 'हा तर खेळ' म्हणायचे, हा व्यवहार सचोटीचा नाही.

खेळाडूंना व्याख्यान द्यावे असेही येथे सुचवायचे नाही. व्याख्यान देणारा संचालक कंटाळवाणा असतो आणि कंटाळा हा भयाचा शत्रू आहे. इतिहास वर्णनात सांगायचा नसून रचनेत ठेवायचा असतो. खाणीचा मालकीहक्क कोणाच्या नावे आहे, करारावर अंगठा कोणाचा आहे, रूळ टाकणाऱ्या चिनी मजुरांची कबरस्थाने नकाशावर आहेत की नाहीत, मार्शलचा बिल्ला लावलेला माणूस दिसतो कसा, या तपशिलांत तो असतो. जन्माने गुलाम असलेले बास रीव्ह्ज १८७५ साली इंडियन टेरिटरीत उपमार्शल म्हणून नेमले गेले. आपल्या कल्पनेतील मार्शल मात्र गोराच असतो. खेळाडूंचे मन दुखावण्याची भीती असेल तर त्यासाठीही साधने आहेत. जॉन स्टाव्ह्रोपुलोस यांनी २०१३ साली प्रचारात आणलेले 'एक्स-कार्ड' त्यांपैकी एक. टेबलावरच्या त्या पत्त्याला कोणीही हात लावला की तो प्रसंग तेथेच वगळायचा, कारण विचारायचे नाही. भय वाटणे आणि अवमान होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या साध्या युक्तीला कळते. स्वायत्ततावाद्यांना अजून कळायचे आहे.

दुसरा आक्षेप शुद्धिकरणवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे, की दोष कळला ना, मग तो काढून टाका. २०२० च्या सुमारास खुद्द प्रकाशनसंस्थेने तेच केले. नव्या आवृत्तीच्या कथाविश्वात दक्षिणेचे राज्य उरले नाही. एका मायावी उलथापालथीने इतिहास बदलला, युद्ध संपले आणि दक्षिण हरली असे ठरले. आपल्या निर्मितीतील उणीव मान्य करून ती जाहीरपणे बदलण्याचे धैर्य स्वागतार्हच आहे. पण वगळणे म्हणजे हिशेब चुकता करणे नव्हे. गॉथिक प्रकाराचा तर हा मूलभूत सिद्धांत आहे, की जे पुरून टाकले जाते तेच परत येते. शिवाय सस्क्वेहानाच्या मांत्रिकाचा प्रश्न नकाशावरची एक सीमा पुसून सुटणारा नाही. तो दोषारोपाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर टेबलाशी बसलेल्या संचालकानेच द्यायचे असते.

ते वेगळ्या रीतीने देता येते, हे इतरांनी दाखवले आहे. ख्रिस स्पिव्ही यांचा 'हाँटेड वेस्ट' हा २०२१ सालचा खेळ वेस्टर्नने पडद्याआड ढकललेल्या माणसांनाच मध्यभागी आणतो. चेरोकी राष्ट्राचे नागरिक कॉनर अलेक्झांडर यांच्या २०२२ सालच्या 'कायोटी अँड क्रो' मध्ये अमेरिकेवर युरोपीय वसाहत कधी झालीच नाही अशी कल्पना आहे. भूत म्हणून रंगवले गेलेले लोक येथे आपले भविष्य स्वतः लिहीत आहेत.

६

आता मूळ मुद्द्यावर येऊ. कथेने भय उतरते हा 'डेडलँड्स'चा नियम वर सांगितला. तो एका प्रत्यक्ष घटनेला लावून पाहू.

२९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोरॅडोतील सँड क्रीकच्या काठी कर्नल जॉन चिव्हिंग्टन यांच्या सैनिकांनी शायेन आणि अरापाहो लोकांच्या तळावर हल्ला केला. तळावर अमेरिकेचा ध्वज आणि पांढरे निशाण दोन्ही होते. दीडशेहून अधिक माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्धच बहुसंख्य होते. सैनिक डेन्व्हरला परतले तेव्हा त्यांचे स्वागत वीरांसारखे झाले आणि मृतांची कापून आणलेली शिरोकातडी तेथील नाट्यगृहात लोकांना दाखवण्यात आली. हे एक कथन. दुसरे कथन कॅप्टन सायलस सोल यांचे. त्यांनी आपल्या तुकडीला गोळी चालवू दिली नव्हती. पुढे चौकशी बसली तेव्हा त्यांनी पाहिलेले सर्व सांगितले, आणि एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले. काँग्रेसच्या समितीने चिव्हिंग्टन यांचा कडक शब्दांत निषेध केला, पण त्यांच्यावर खटला झाला नाही.

समजा, एका कॅम्पेनमध्ये पात्रे कोलोरॅडोतील एखाद्या गावी येतात. रात्री नदीकाठाहून आवाज येतात, गुरे मरतात, माणसे नाहीशी होतात. रूढ पद्धतीचा संचालक नदीकाठी एक सूडपिसाट मांत्रिक किंवा चवताळलेला आत्मा ठेवील. पात्रे त्याला मारतील, गावात येऊन पराक्रम सांगतील, फासे पडतील आणि भय एका पायरीने उतरेल. नियमाचे तंतोतंत पालन झाले. आणि तरीही घडले ते डेन्व्हरच्या नाट्यगृहात घडले तेच. विजेत्याने विजेत्यांच्या वस्तीत सांगितलेली गोष्ट, आणि ती ऐकून निर्धास्त झालेले श्रोते. १८८३ पासून बफेलो बिलच्या फिरत्या खेळाने साऱ्या राष्ट्रासमोर हेच कथन मांडले. १८८५ साली त्यात खुद्द सिटिंग बुल यांना स्वतःचीच भूमिका करत मिरवावे लागले. पाच वर्षांनी, १५ डिसेंबर १८९० रोजी, त्यांना अटकेच्या वेळी ठार करण्यात आले, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी वुंडेड नी घडले. तमाशा पाहून भय उतरलेल्या प्रेक्षकांचे हात पुढे थांबले नाहीत.

दुसऱ्या पद्धतीचा संचालक नियम तोच ठेवतो; केवळ एक प्रश्न विचारतो: ही कथा कोणाची, आणि ती कोणाला ऐकवायची आहे? त्याच्या गावात भीती नदीकाठी राहत नाही. ती गावाच्या तिजोरीत, जमिनीच्या कागदांत, घराघरांत लपवलेल्या 'आठवणीच्या वस्तूं'त राहते. आत्म्याला गोळ्या लागत नाहीत. खेळाडूंनी गावकऱ्यांसमोर उभे राहून जे सांगितले पाहिजे ते गावकऱ्यांना ऐकायचे नाही, आणि सांगणाऱ्याचा सोल होण्याची शक्यता आहे. येथे फासा टाकताना हात जड होतो. भयकथेच्या दृष्टीनेसुद्धा हीच रचना सरस आहे, कारण तिच्यात धोका खरा आहे आणि सुटका फुकटची नाही.

दोन्ही संचालकांनी संवाद लिहिलेले नाहीत. दोघांच्याही खेळाडूंनी आपापले निर्णय स्वतंत्रपणे घेतले. दोघांचेही फासे निःपक्षपातीपणे पडले. आणि तरीही दोन्ही टेबलांवर घडलेली आख्याने परस्परांची वैरी आहेत. हा फरक कशाने पडला? कोणत्या कथनावर फासा टाकता येईल हे एका माणसाने ठरवले होते म्हणून. या ठरवण्यालाच लेखकत्व म्हणतात. वाक्ये लिहिणारा तोच लेखक, ही समजूत छापखान्याने आपल्याला दिली आहे. कोणत्या गोष्टीने कोणाचे भय उतरावे हे ठरवणारा लेखक त्याहून कितीतरी जुना आहे.

म्हणून 'मी फक्त नियम चालवतो' हे संचालकाचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही, आणि 'येथे लेखक मेला आहे' हा समीक्षकाचा दाखलाही नाही. गॉथिक वेस्टर्न खेळ चालवणाऱ्याने पहिल्या बैठकीपूर्वी नियमग्रंथातील राखीव पाने उघडावीत, भुताच्या हातातील दाव्याचा कागद वाचावा आणि तो खरा आहे की खोटा याविषयी स्वतःशी निर्णय करावा. तो खरा असेल तर भुताला मारण्याची सोय खेळात ठेवू नये. खेळाडूंना ऋणकोंचे वारस म्हणून खेळू द्यावे, आणि देणे फेडल्यावाचून भय एक पायरीही खाली उतरू देऊ नये.